अनोळखी माणसाच्या मेलवर डिजिटल सही आहे. विश्वास कितपत ठेवायचा?

शिरोली_फाउंड्री

नमस्कार मंडळी. शिरोली एमआयडीसीत आमची ग्रे आयर्न कास्टिंगची फाउंड्री आहे. वेबसाइटवरून देशातल्या आणि बाहेरच्या चौकश्या येतात. पाठवणारा कोण, कुठला, काही माहीत नसतं. यातल्या काही मेलवर डिजिटल सही असते आणि ती तीन तऱ्हेची दिसते. काहींबरोबर एसमाइम.पी७एस नावाची बारकी फाईल जोडलेली असते. काहींच्या तळाला ‘बिगिन पीजीपी सिग्नेचर’ असं लिहून खाली अक्षरांचा गुंता असतो. आणि काही जण पर्चेस ऑर्डरची पीडीएफ पाठवतात, तिच्यावर हिरवी टिक असते.

सही बरोबर निघाली म्हणजे समोरची पार्टी खरी, असं धरून पॅटर्नचं (साचा बनवायच्या नमुन्याचं) काम सुरू करावं का? तपासायची कशी? आणि उलट बाजूने, आमच्या कोटेशनवर परक्या गिऱ्हाइकाचा विश्वास बसावा म्हणून जीएसटी आणि ई-टेंडरसाठी घेतलेली डीएससी (डिजिटल सहीचं प्रमाणपत्र) मेलला वापरता येते का?


किल्ली_कुलूप

आधी सही काय सांगते ते पक्कं करू. ज्या खाजगी किल्लीने (मालकाकडेच राहणाऱ्या गुप्त कोडने; तिची जोडीदार जाहीर किल्ली इतरांना सही तपासायला देतात) सही झाली, ती किल्ली वापरणाऱ्याने हाच मजकूर सही केला आणि त्यानंतर त्यात एक स्वल्पविरामही बदललेला नाही. एवढंच. ती किल्ली कुणाची, हे नुसत्या सहीवरून कळत नाही. तो माणूस पैसे देणारा आहे का, हे तर अजिबातच नाही. ठगालाही किल्ली बनवता येते आणि त्याची सहीसुद्धा तपासणीत बरोबरच निघते.

म्हणजे अनोळखी माणसाची सही निरुपयोगी का? नाही. तिचा खरा उपयोग पुढे सुरू होतो. पहिली चौकशी, ड्रॉइंग, सॅम्पलची ऑर्डर, पेमेंटचं पत्र, या सगळ्यांवर एकाच किल्लीची सही असेल तर सगळीकडे तोच पाठवणारा आहे हे नक्की. मधेच कुणी घुसून ‘आमचं बँक खातं बदललंय, या नव्या खात्यात अ‍ॅडव्हान्स भरा’ असा मेल टाकला, तर त्याच्याकडे ती किल्ली नसते आणि तो तिथेच उघडा पडतो. त्यामुळे विश्वास तुम्ही एकदा बाहेरून तपासून बसवायचा. तो पुढच्या प्रत्येक मेलपर्यंत पोहोचवायचं काम सहीचं.

आता तुमचे तीन प्रकार. पी७एस म्हणजे एस-माइम. यात किल्लीबरोबर एका प्रमाणन संस्थेचं प्रमाणपत्र असतं, म्हणजे तिसरं कुणीतरी हमी देतं. हमी कशाची, हे मात्र उघडून पाहायला हवं. सीए-ब्राउझर फोरमचे (प्रमाणन संस्था आणि ब्राउझर कंपन्यांच्या मंचाचे) एस-माइमचे नियम १ सप्टेंबर २०२३ पासून लागू आहेत आणि त्यात प्रमाणपत्रांचे चार प्रकार ठरलेत. सगळ्यात खालचा ‘मेलबॉक्स व्हॅलिडेटेड’. त्यात फक्त हा मेल-पत्ता अर्जदाराच्या हातात आहे एवढंच तपासतात. नाव, कंपनी, काही नाही. ‘ऑर्गनायझेशन’ आणि ‘स्पॉन्सर व्हॅलिडेटेड’ या प्रकारांत कंपनी अस्तित्वात आहे का ते तपासतात, आणि ‘इंडिव्हिज्युअल’मध्ये माणसाची ओळख. प्रमाणपत्र उघडा आणि ‘सब्जेक्ट’ बघा. तिथे नुसता मेल-पत्ताच असेल तर ती खालची पायरी समजा.

पीजीपीमध्ये तिसरं कुणी नसतं. फिल झिमरमन यांनी १९९१ मध्ये पीजीपी आणलं. त्यातली कल्पना अशी की ओळखीच्या माणसांनी एकमेकांच्या किल्ल्यांवर सह्या करायच्या आणि त्या साखळीतून परक्यापर्यंत पोहोचायचं. ठरावीक वर्तुळांत ते चाललं. पण शिरोलीच्या फाउंड्रीपासून जर्मनीतल्या एखाद्या खरेदी खात्यापर्यंत अशी साखळी सापडणं अवघड आहे. त्यात जुन्या की-सर्व्हरवर (जाहीर किल्ल्या ठेवायच्या सर्व्हरवर) कुणीही कुणाच्याही नावाने किल्ली चढवू शकत होता, आणि २०१९ मध्ये तर काही किल्ल्यांवर बनावट सह्यांचा एवढा भडिमार झाला की त्या उघडताना सॉफ्टवेअर अडकून पडायचं. आताचा कीज.ओपनपीजीपी.ऑर्ग हा सर्व्हर मेल-पत्त्याची खात्री करून घेतो. पण तीही फक्त मेल-पत्त्याचीच.

तपासायला थंडरबर्ड हा कॉम्प्युटरवरचा मेल प्रोग्रॅम घ्या. फुकट आहे, एस-माइम आणि ओपनपीजीपी दोन्ही त्यात आहेत (ओपनपीजीपी २०२० च्या ७८ व्या आवृत्तीपासून आतच आलं). जीमेलचं खातं त्यात जोडता येतं. मेल उघडला की वर उजव्या बाजूला एस-माइम किंवा ओपनपीजीपीचं बटण दिसेल, ते दाबा. दोन गोष्टी बघा: सही बरोबर आहे का, आणि प्रमाणपत्रातला मेल-पत्ता ‘फ्रॉम’मधल्या पत्त्याशी अक्षरशः जुळतो का. मेलच्या मजकुरात कुणी टिकमार्क किंवा ‘व्हेरिफाइड’ असं चित्र टाकलं असेल तर ते काहीही सांगत नाही. खूण मेलच्या चौकटीबाहेर, प्रोग्रॅमने दाखवलेली हवी.


उद्यमनगर_कंपनीसेक्रेटरी

पीडीएफवरच्या टिकबद्दल लिहितो, कारण सगळ्यात जास्त गफलत तिथे होते.

पीडीएफ क्रोममध्ये किंवा मोबाईलवर उघडून टिक बघू नका. तिथे सहीची तपासणी होत नाही, दिसतं ते पानावरचं चित्र. अ‍ॅक्रोबॅट रीडरमध्ये उघडा आणि वरच्या निळ्या पट्टीतून ‘सिग्नेचर पॅनल’ उघडा. पॅनल येतच नसेल तर फाईलवर सहीच नाही, कुणीतरी सहीचं चित्र चिकटवलंय.

पॅनलमध्ये सहीवर क्लिक करून प्रमाणपत्राचे तपशील उघडा आणि साखळी वरपर्यंत बघा. भारतीय डीएससी असेल तर टोकाला ‘सीसीए इंडिया’ आणि वर्ष दिसलं पाहिजे. सीसीए म्हणजे माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० खाली नेमलेला प्रमाणन संस्थांचा नियंत्रक. ई-मुद्रा, एन-कोड, कॅप्रिकॉर्न यांसारख्या संस्थांना त्याचाच परवाना असतो. साखळीत एकच नाव असेल आणि सही करणारा व प्रमाणपत्र देणारा तोच असेल, तर ते घरी बनवलेलं आहे. अ‍ॅक्रोबॅटमध्ये कुणालाही हव्या त्या कंपनीच्या नावाने असा डिजिटल आयडी दोन मिनिटांत बनवता येतो.

खऱ्या भारतीय सहीवरही बऱ्याचदा पिवळं प्रश्नचिन्ह आणि ‘व्हॅलिडिटी अननोन’ येतं. आधारच्या पीडीएफवर सगळ्यांनी बघितलं असेल. त्याचा अर्थ एवढाच की तुमच्या अ‍ॅक्रोबॅटला सीसीएचं मूळ प्रमाणपत्र ओळखीचं नाही. उपाय म्हणून साखळीतलं सगळ्यात वरचं प्रमाणपत्र निवडून ‘ट्रस्ट’ टॅबमधून विश्वासू यादीत घालतात. घालण्याआधी त्याचा थंबप्रिंट (प्रमाणपत्राची ओळख सांगणारी अक्षरं) सीसीएच्या सरकारी वेबसाइटवरच्या प्रमाणपत्राशी ताडून बघा. आणि सही करणाऱ्याचंच प्रमाणपत्र यादीत कधीही घालू नका. तसं केलं की घरी बनवलेल्या सहीलाही हिरवी टिक मिळते. पार्टी फोनवर ‘साहेब, राइट क्लिक करून ट्रस्ट करा, हिरवं होतंय बघा’ असं सांगत असेल तर तिथेच थांबा.

पुढे प्रमाणपत्रातला ‘ओ’ म्हणजे ऑर्गनायझेशनचा रकाना बघा. तिथे ‘पर्सनल’ लिहिलेलं असेल तर ती माणसाची वैयक्तिक डीएससी आहे. तो त्या कंपनीत आहे आणि ऑर्डर द्यायचा त्याला अधिकार आहे, असं त्यातून काही निघत नाही. कंपनीचं नाव असेल तर जास्त बरं. क्लास २ ची नवी प्रमाणपत्रं १ जानेवारी २०२१ पासून बंद झाली, आता क्लास ३ मिळतं. मुदत जास्तीत जास्त तीन वर्षं. त्यामुळे आजच्या ऑर्डरवर क्लास २ ची सही दिसली तर विचारा.

सहीनंतर फाईलमध्ये भर पडली असेल तर पॅनल तसं सांगतं. तिथे ‘व्ह्यू साइन्ड व्हर्जन’ आहे, ते दाबून सहीच्या वेळी नेमकं काय होतं ते बघा. नग, दर, पेमेंटच्या अटी तिथूनच घ्या.

एक गोष्ट मनापासून सांगतो. आपल्याकडे पुष्कळ मालकांचं डीएससी टोकन (खाजगी किल्ली ज्यात असते ते यूएसबी) टॅक्स कन्सल्टंटच्या ड्रॉवरमध्ये असतं आणि पिन त्यावरच चिठ्ठी लावून लिहिलेला असतो. रिटर्न भरायला सोयीचं पडतं, पण कायद्याच्या ४२ व्या कलमाप्रमाणे खाजगी किल्ली ताब्यात ठेवायची जबाबदारी प्रमाणपत्रधारकाची आहे. किल्ली दुसऱ्याच्या हाती लागली तर प्रमाणन संस्थेला विनाविलंब कळवायचं हेही त्यातच आहे. त्यामुळे समोरच्याची सही तपासताना लक्षात ठेवा: टोकन जोडलं गेलं हे नक्की, मालकाने ऑर्डर वाचली हे नक्की नाही. तुमचं टोकन स्वतःकडे आणा आणि त्याच्याबरोबर आलेला डीफॉल्ट पिन आजच बदला.

सही बरोबर निघाली तरी पार्टीची चौकशी वेगळी करायचीच. जीएसटी पोर्टलवर लॉगिन न करता जीएसटीआयएन शोधता येतो. पंधरा अक्षरांतली पहिली दोन राज्याचा कोड, महाराष्ट्राला २७, आणि पुढची दहा म्हणजे पॅन. नाव, पत्ता, नोंदणी चालू आहे की रद्द, सगळं दिसतं. कंपनी असेल तर एमसीएच्या (केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या) मास्टर डेटात सीआयएन, म्हणजे कंपनीचा नोंदणी क्रमांक टाका. बाहेरची पार्टी असेल तर युरोपीय संघासाठी व्हॅट नंबर तपासायला व्हीआयईएस आहे, ब्रिटनसाठी कंपनीज हाउस. दोन्ही फुकट.


शिरोली_फाउंड्री

फार उपयोगी माहिती, दोघांचेही आभार. उलट बाजूचा प्रश्न राहिला. आमची डीएससी मेलला लावली तर जर्मनीतल्या माणसाला काय दिसेल?


किल्ली_कुलूप

बहुतेक ठिकाणी त्याला इशारा दिसेल. सीसीएचं मूळ प्रमाणपत्र थंडरबर्डच्या विश्वासू यादीत नाही, त्यामुळे तुमची सही तिथे ‘अनोळखी संस्था’ म्हणून येते. देशातल्या व्यवहारात डीएससी चांगली, कारण तिला कायद्याचा आधार आहे. परदेशी खरेदीदारासाठी जगभर मान्य असलेल्या संस्थेचं एस-माइम प्रमाणपत्र घ्या, शक्यतो कंपनीचं नाव तपासून दिलेलं. पीजीपीची सही परक्याला ओळख पटवायला चालते, पण परवानाधारक संस्था मागे नसल्यामुळे आपल्याकडे वाद उभा राहिला तर तिला डीएससीचं वजन नाही.

डीएससी थंडरबर्डला लावायची तर ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’मध्ये ‘सिक्युरिटी डिव्हायसेस’ उघडा आणि टोकनच्या ड्रायव्हरबरोबर आलेली पीकेसीएस-११ ची डीएलएल (थंडरबर्डला टोकनशी जोडणारी फाईल) लोड करा. मग सीसीएचं मूळ आणि तुमच्या प्रमाणन संस्थेचं मधलं प्रमाणपत्र ‘अथॉरिटीज’मध्ये इम्पोर्ट करून ‘मेल वापरणाऱ्यांची ओळख’ या पर्यायावर खूण करा. ही खूण राहिली की प्रमाणपत्र दिसतं पण निवडता येत नाही. शेवटी खात्याच्या ‘एंड-टू-एंड एन्क्रिप्शन’ पानावर ते निवडायचं. डीएससी काढताना दिलेला मेल-पत्ता आणि तुम्ही ज्यावरून मेल पाठवता तो पत्ता एकच हवा. बऱ्याच जणांच्या डीएससीत कन्सल्टंटचा मेल असतो, तिथे सही जुळत नाही.

आउटलुकचं जुनं रूप वापरत असाल तर ट्रस्ट सेंटरच्या ईमेल सिक्युरिटीत ‘क्लिअर टेक्स्ट साइन्ड’वर खूण असू द्या. नाहीतर सगळा मजकूर पी७एम फाईलमध्ये बांधला जातो आणि ज्याच्याकडे एस-माइम नाही त्याला कोरा मेल दिसतो.

पीजीपी किल्ली थंडरबर्डमध्येच बनते. मुदत तीन वर्षं सुचवली जाते, ती राहू दे. खाजगी किल्लीची प्रत पासवर्ड घालून पेन ड्राइव्हवर काढा आणि तो तिजोरीत ठेवा. पीसी बिघडला आणि प्रत नसली की नवी किल्ली करावी लागते आणि सगळ्या पार्ट्यांकडे ओळख पुन्हा पटवावी लागते.

ओळख पटवायची पद्धत अशी. समोरच्याची जाहीर किल्ली आली की थंडरबर्ड ती स्वीकारायची का विचारतं. आधी ‘स्वीकारतो, पण खात्री केलेली नाही’ हाच पर्याय घ्या. मग फोन करा. नंबर त्या मेलमधला नको, कंपनीच्या नोंदणीवरून किंवा प्रदर्शनात मिळालेल्या कार्डावरून घ्या. फोनवर किल्लीचा फिंगरप्रिंट (किल्लीची ओळख सांगणारी अक्षरं) ताडा. सध्याच्या नेहमीच्या किल्ल्यांचा तो चाळीस अक्षरांचा असतो, चार-चारचे दहा गट. पहिले पाच गट तुम्ही वाचा, पुढचे पाच त्याने. म्हणजे दोघांच्याही समोर खरोखर तोच फिंगरप्रिंट आहे हे कळतं. अक्षरं शून्य ते नऊ आणि ए ते एफ एवढीच. बी आणि डी फोनवर सारखे ऐकू येतात, तिथे बॉम्बे, दिल्ली म्हणा. शेवटची आठच अक्षरं ताडून मोकळे होऊ नका. तेवढी जुळणारी बनावट किल्ली करता येते हे २०१४ मध्येच दाखवलं गेलंय. सगळं जुळलं की ‘खात्री केली’वर खूण करा.

आता एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. एस-माइम आणि पीजीपी साधारणपणे मेलच्या आतल्या मजकुरावर आणि जोडलेल्या फाईलींवर सही करतात. विषय, तारीख आणि ‘टू’ची ओळ सहीबाहेर राहते. ‘दर मान्य आहे, काम सुरू करा’ एवढाच सही केलेला मेल असेल तर कुणीही तो उचलून वेगळ्या विषयाखाली, वेगळ्या माणसाला पुन्हा पाठवू शकतो आणि सही बरोबरच दिसते. म्हणून मजकुरातच लिहा: कुणाला, कोणत्या कोटेशन नंबरबद्दल, कोणत्या तारखेला. ड्रॉइंग नंबर आणि त्याचा रिव्हिजनही. समोरच्याकडूनही असाच मजकूर मागा.


सुभाषनगर_चप्पल

आम्ही कोल्हापुरी चप्पलवाले. कॉम्प्युटर नाही, जीमेल मोबाईलवरच. बाहेरून अनोळखी लोकांचे मेल येतात, मोठी ऑर्डर सांगतात. हे थंडरबर्ड वगैरे न करता काही बघता येतं का?


गोकुळशिरगाव_मेलअ‍ॅडमिन

येतं. प्रत्येक मेलवर माणसाची सही नसली तरी बहुतेक मेलवर पाठवणाऱ्या डोमेनची सही असते. तिला डीकेआयएम म्हणतात आणि ती मेल सर्व्हर आपोआप करतो. जीमेल अ‍ॅपमध्ये मेल उघडा, पाठवणाऱ्याच्या नावाखाली ‘टू मी’च्या शेजारचा छोटा बाण दाबा, मग ‘सिक्युरिटी डिटेल्स’. तिथे ‘साइन्ड बाय’पुढे डोमेन दिसेल.

ते डोमेन मेल-पत्त्यातल्या @ नंतरच्या भागाशी जुळलं पाहिजे. पत्ता कंपनीचा आणि ‘साइन्ड बाय’ला भलतंच काही, किंवा ती ओळच नाही, तर त्या मेलवर काही करू नका. नावाशेजारी फोटोच्या जागी प्रश्नचिन्ह दिसलं तरी तेच. ‘साइन्ड बाय’ला जीमेल.कॉम असेल तर मेल त्या जीमेल खात्यावरून आला एवढंच कळतं, आणि असं खातं कुणालाही काढता येतं. मोठ्या ब्रँडचा खरेदी अधिकारी म्हणवणारा माणूस फुकटच्या खात्यावरून लिहीत असेल तर त्याला कंपनीच्या पत्त्यावरून मेल करायला सांगा. टाळाटाळ झाली तर विषय तिथेच सोडा.

डोमेनची सही म्हणजे पाकिटावरचा पोस्टाचा शिक्का. पाकीट कुठून निघालं ते कळतं, आत लिहिलेलं खरं आहे का ते नाही. ठग मूळ नावासारखंच दिसणारं डोमेन विकत घेतो आणि त्यावर डीकेआयएम व्यवस्थित बसवतो. रोमन लिपीत आर आणि एन जवळ आले की एम वाटतो. एल, मोठा आय आणि एक हे तिन्ही सारखे दिसतात. म्हणून मेलमधली लिंक दाबू नका. कंपनीची वेबसाइट स्वतः शोधून काढा आणि तिथलं डोमेन अक्षर-अक्षर जुळवा. डोमेन कधी नोंदवलं ते हूइज या डोमेन-नोंदणीच्या शोधात दिसतं. ‘पन्नास वर्षांची कंपनी’ म्हणणाऱ्याचं डोमेन मागच्या महिन्यातलं असेल तर उत्तर मिळालं. आणि सॅम्पल पाठवण्याआधीच ‘रजिस्ट्रेशन फी’, ‘कस्टम क्लिअरन्स’ असे पैसे मागणाऱ्याची सही कितीही बरोबर असो, द्यायचे नाहीत.

शिरोलीच्या भावांसाठी: परक्याचा विश्वास हवा असेल तर पी७एसच्याही आधी तुमच्या डोमेनचं डीकेआयएम बसवा. गुगल वर्कस्पेस असेल तर अ‍ॅडमिन कन्सोलमध्ये जीमेलच्या ‘ऑथेंटिकेट ईमेल’मधून २०४८ बिटची किल्ली बनते. ती डीएनएसमध्ये (डोमेनच्या जाहीर नोंदींमध्ये) टेक्स्ट रेकॉर्ड म्हणून घालायची आणि परत येऊन ‘स्टार्ट ऑथेंटिकेशन’ दाबायचं. हे शेवटचं बटण राहून जातं आणि सही लागतच नाही. दुसरी अडचण लांबीची. डीएनएसमधल्या एका तुकड्यात २५५ अक्षरंच मावतात आणि ही किल्ली त्याहून लांब आहे. काही कंपन्यांच्या डीएनएस पॅनलमध्ये ती आपोआप तुटत नाही. मग दोन अवतरणांत दोन तुकडे करून घालावी लागते.

एसपीएफचं रेकॉर्ड (तुमच्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात ती यादी) डोमेनला एकच असावं. दोन झाली तर दोन्ही बाद. त्यातून होणारे डीएनएस शोध दहाच्या आत ठेवा. मग डीमार्क, म्हणजे या तपासण्यांत न बसणाऱ्या मेलचं काय करायचं ते सांगणारं रेकॉर्ड. सुरुवात ‘नन’ने (अडवू नका, फक्त कळवा) करा आणि रिपोर्ट येऊ द्या. तुमचं बिलिंग सॉफ्टवेअर किंवा वेबसाइटचा फॉर्म दुसऱ्याच सर्व्हरवरून तुमच्या नावाने मेल टाकत असतो, तो या रिपोर्टमध्ये सापडतो. तो दुरुस्त न करता थेट ‘रिजेक्ट’ लावलं तर गिऱ्हाइकाला इन्व्हॉइस पोहोचत नाहीत. रिपोर्ट स्वच्छ झाले की ‘क्वारंटाइन’ (स्पॅममध्ये टाका), मग ‘रिजेक्ट’. दुसरा कुणी तुमच्या डोमेनच्या नावाने मेल पाठवत असेल तर डीमार्क तपासणाऱ्या सर्व्हरवर तो इथे अडतो. ही तपासणी अनोळखी माणसाने काही न करता, त्याच्या बाजूला आपोआप होते.

बँक खातं बदलल्याचा मेल आला तर सही बरोबर असली तरी फोन करायचाच, तोही जुन्या नंबरवर. पासवर्ड चोरून कुणी खऱ्या मेलबॉक्समध्ये शिरला असेल तर डोमेनची सहीही खरीच लागते. आणि पैसे गेलेच असतील तर बँक उघडायची वाट न बघता लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा आणि सायबरक्राइम.जीओव्ही.इनवर तक्रार नोंदवा. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत थांबवायला पहिले काही तासच हातात असतात. तक्रारीत मूळ मेल जोडायचा असतो. फॉरवर्ड केला की हेडर (मेलबरोबरची पाठवणीची तांत्रिक माहिती) जातात आणि सही तपासता येत नाही. म्हणून कॉम्प्युटरवर जीमेल उघडून ‘शो ओरिजिनल’मधून ‘डाउनलोड ओरिजिनल’ करा आणि ती ईएमएल फाईल तशीच द्या. मोबाईल अ‍ॅपमध्ये हा पर्याय नाही. सुभाषनगरवाल्यांनी त्यासाठी जवळच्या कुणाच्या तरी कॉम्प्युटरवर बसावं, आणि काम झालं की लॉग आउट करावं.